गेमिंग लॅपटॉप: ब्रँड बघायचा की वॉरंटीचा कागद?

सांगलीकर: काल एकाने ठणकावून लिहिलंय, "लीजनच (लेनोवोची गेमिंग मालिका) घ्या, सर्व्हिस फक्त लेनोवोची, बाकी सगळा कचरा." असलं वाचून पोरं घरच्यांचे लाख-सव्वा लाख घालवतात, म्हणून सविस्तर लिहितोय. सर्व्हिस ब्रँडला नसते, तुमच्या सिरियल नंबरला असते. एकाच कंपनीचं एक मॉडेल ऑनसाइट (माणूस घरी येतो), दुसरं कॅरी-इन (मशीन आपण सेंटरला न्यायचं). पडझड, पाणी सांडणं एका प्लॅनमध्ये धरलेलं, दुसऱ्यात नाही. तीन वर्षांचा प्लॅन घेतला तरी बॅटरीला बहुधा एकच वर्ष. डबा हातात आला की सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि वॉरंटी कधीपासून मोजलीय ते बघा. माल गोदामात पडून असेल तर काही महिने आधीच गेलेले असतात. बिल पाठवून तारीख पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.

आरटीएक्स_पुणे: ब्रँड बघायचाच नाही, हे साफ चूक. या लॅपटॉपमध्ये जीपीयू (ग्राफिक्सची चिप) मदरबोर्डलाच सोल्डर केलेला असतो. एक मॉस्फेट (वीज सोडणारा बारीक भाग) शॉर्ट झाला तरी सर्व्हिस सेंटर अख्खा बोर्ड बदलतं. तो बोर्ड देशातच पडून आहे की बाहेरून यायचाय, यावर चार दिवस की चार आठवडे ते ठरतं. खपाच्या मॉडेलचे भाग लवकर मिळतात. एमएसआय बऱ्याच मॉडेलना २ वर्षं देते, पण कॅरी-इन असेल तर तालुक्यातल्या माणसाने दर वेळी शहर गाठायचं का?

रत्नागिरीकर: ऑनसाइटचं कौतुकही पुरे करा. आधी फोनवर तपासणी, मग भाग मागवणार, मग माणूस येणार. "पुढच्या कामाच्या दिवशी" हे तपासणी संपल्यावरच लागू होतं, तेही पिनकोड कक्षेत असेल तर. घेण्याआधी पिनकोड सांगून विचारा, उत्तर ईमेलवरच घ्या. आणि खाऱ्या, दमट हवेत फॅन वर्षातून एकदा तरी साफ करावाच लागतो. खालचं झाकण उघडलं की वॉरंटी गेली, ही भीती कोणी पसरवली?

ठाणे_रिपेअर: सहसा नुसतं उघडल्याने नाही, उघडताना काही मोडलं तर जाते. लेनोवो, डेल, एचपी स्वतःच मॅन्युअल देतात. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे ठेवा, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर पाम-रेस्टवर (कीबोर्डपुढे मनगट टेकतो तिथे) फोड येतो. फॅनचं पातं बोटाने धरून मगच हवा मारा. खरा कचरा फॅन आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मधे नमद्यासारखा बसतो, तो चिमट्याने ओढा.

आरटीएक्स_पुणे: लोकांना हीटसिंक (चिपची उष्णता ओढणारा तांब्याचा भाग) काढायला लावू नका! आसुसच्या बऱ्याच आरओजी गेमिंग लॅपटॉपमध्ये सीपीयूवर पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे उष्णता वाहून नेणारा पातळ धातू, असतं. ते विजेचं वाहक आहे, थेंब बाजूच्या कपॅसिटरवर गेला की बोर्ड संपला.

ठाणे_रिपेअर: वाचून तरी बोला. मी झाकण म्हटलं, हीटसिंक नाही. वॉरंटीत तापमान वाढलं तर कंपनीकडूनच पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता नेणारा लेप) बदलून घ्या, तक्रारीत "गरम होतो" एवढंच लिहू नका. "गेम चालू झाल्यावर दहा मिनिटांत सीपीयू ९८ अंश, क्लॉक (चिपचा वेग) खाली" असं लिहा, स्क्रीनशॉट जोडा. वॉरंटीनंतर साध्या पेस्टऐवजी पीटीएम ७९५० (गरम झाल्यावर मऊ होणारी पातळ पट्टी) लावा, ती सहसा पेस्टसारखी कडेला सरकत नाही.

आरटीएक्स_पुणे: लिक्विड मेटलचा इशारा पहिल्याच ओळीत हवा होता. बाकी मान्य.

सांगलीकर: पेस्टवरून मूळ मुद्दा बुडाला. खरी भांडणं बिजागरीवर होतात. बिजागरी घट्ट असते, झाकणातल्या प्लॅस्टिकमधले पितळी नट उपटून येतात, आणि जॉब शीटवर (सर्व्हिस सेंटरच्या नोंदीच्या कागदावर) "सीआयडी", म्हणजे ग्राहकाकडून झालेलं नुकसान, असा शेरा पडतो. मशीन देण्याआधी चारही कोपरे, पोर्ट, बिजागरी यांचे फोटो काढा. शीटवर "बाहेरून नुकसान नाही" लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. बोर्ड बदलणार असतील तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) ४८ आकडी की आधी लिहून ठेवा. नवा बोर्ड बसला की विंडोज ती मागतं, नसेल तर डेटा गेला.

रत्नागिरीकर: आणि नवा बोर्ड बसला की बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तुमचाच सिरियल नंबर दिसतोय का, तिथेच तपासा. रिकामा असेल तर पुढच्या तक्रारीला वॉरंटीच सापडत नाही. टाळाटाळ चालू झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही.

आरटीएक्स_पुणे: कागद महत्त्वाचा, हे मानलं. तरी दोन मशीनचे कागद सारखे असतील तर ज्याचे भाग मिळतात तेच घ्यायचं, यावरून मी हलणार नाही.

सांगलीकर: मग "लीजनच" असं सरसकट सांगणाऱ्याला हेच सांगा. मॉडेल आणि पिनकोड लिहायला लावा, पुढचं त्यावर बोलू.