ग्रेझ, पास्तुलान, सब्साबान: मराठीत काय लिहावे?

प्रश्न (दादर)
फिलिपिन्समधल्या शेळीपालनाच्या पुस्तिकेचा मराठी अनुवाद करायचा आहे. इंग्रजी मजकुराशेजारी टागालोग ही तिथली भाषाही छापलेली आहे. इंग्रजीत जिथे तिथे ‘ग्रेझ’ आणि ‘पाश्चर’. टागालोगमध्ये मात्र पास्तुलान, मङिनाइन, सब्साबान, कुम्पाय असे निरनिराळे शब्द. तळटिपांत सिब्सिब आणि आराबही आहेत. सरसकट ‘चरणे’ आणि ‘कुरण’ लिहिले तर चालेल का?

उत्तर १ (गोरेगाव)
नाही चालणार, आणि सब्साबानपाशी तर मोठी चूक होईल. ती चरायची जागा नव्हे, गव्हाण आहे. सब्साब म्हणजे जनावराने तोंड घालून खाणे. ‘-आन’ लागला की ते खाण्याची जागा. येशूला ठेवले ती गव्हाणही टागालोगमध्ये सब्साबानच. तिथे ‘कुरण’ लिहिलेत तर ‘सब्साबान रोज धुवा’ या वाक्याचे काय कराल?

पास्तुलान म्हणजे कुरण. हा पास्तोल, म्हणजे मेंढपाळ, या स्पॅनिशमधून आलेल्या शब्दाला ‘-आन’ जोडून झाला. जोडताना ‘ओ’चा ‘उ’ होतो. मङिनाइन म्हणजे जनावराने स्वतः चरणे. मुळात काइन, म्हणजे खाणे. यातला ‘ङ’ एकच ध्वनी आहे. ‘मंगिनाइन’ लिहिले की नसलेला ‘ग’ घुसतो.

सिब्सिब सेबुआनो भाषेतला, अर्थ चरणे. त्यावरून सिब्सिबानान म्हणजे कुरण. आराब इलोकानोतला, अर्थ तोच. कुरण म्हणजे पागाराबान. पडताळा हवा असेल तर बायबलमधले २३वे स्तोत्र काढा: मराठीत ‘कुरण’, टागालोगमध्ये पास्तुलान, सेबुआनोत सिब्सिबानान. एकाच ओळीत तीन भाषांचे शब्द समोर येतात.

इंग्रजी ‘ग्रेझ’मध्येही एक खोच आहे. शेळी ग्रेझ करते आणि गुराखीही शेळ्या ग्रेझ करतो, क्रियापद एकच. मराठीत शेळी चरते, गुराखी शेळ्या चारतो. प्रत्येक वाक्यात कर्ता कोण ते पाहूनच क्रियापद घ्या.

उत्तर २ (पालघर)
वरच्या उत्तरात एक भर. शेळ्यांच्या पुस्तिकेत ‘ब्राउझ’ही येणारच. ग्रेझ म्हणजे जमिनीवरचे गवत खाणे, ब्राउझ म्हणजे झुडपांचा पाला आणि कोवळे शेंडे खाणे. शेळीचा ओढा पाल्याकडे असतो, म्हणून तिथे ‘पाला खाते’ असेच लिहा.

‘गायरान’ हा शब्द पाश्चरसाठी वापरू नका. ती गावाच्या वापराची सार्वजनिक जमीन आहे, कोणाच्या मालकीचे कुंपणातले शेत नव्हे. पॅडॉकला ‘कुंपणाचा तुकडा’ म्हणा, फिरत्या चराईला ‘आलटूनपालटून चराई’. ‘मेडो’ म्हणजे गवत कापून वाळवण्यासाठी राखलेली जमीन. तिलाही आपल्याकडे कुरणच म्हणतात, म्हणून ‘कापणीचे कुरण’ असा खुलासा करा.

वनस्पतींची नावे तर जपूनच. ‘इपिल-इपिल’ म्हणजे आपली सुबाभूळ, ‘काकावाते’ म्हणजे गिरीपुष्प. ही मराठी नावे दिली नाहीत तर आपला शेतकरी परदेशी रोपे शोधत बसेल. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. जास्त झाली तर शेळ्यांचे केस गळतात. एकूण चाऱ्यात ती ३० टक्क्यांपुढे जाऊ नये. पुस्तिकेत मर्यादेचा आकडा असेल तर तो हमखास अनुवादात उतरवा.

प्रश्नकर्ता
खूप आभार. कुम्पाय राहिले. इंग्रजीत ‘ग्रेझिंग’ लिहिले आहे, पण चित्रात गोठ्यातल्या शेळीपुढे गवताचा भारा दिसतो.

उत्तर १ (गोरेगाव)
चित्र बरोबर, इंग्रजी चुकले. टागालोगमध्ये कुम्पाय म्हणजे कापून आणलेला हिरवा चारा, आपली ओली वैरण. आरेच्या तबेल्यांत म्हशींपुढे पॅरा गवत पडते, त्यातलाच प्रकार. म्हणून ‘ओली वैरण कापून टाकणे’ लिहा. तिथे ‘चराई’ आली तर वाचणारा शेळ्या बाहेर सोडेल आणि पुढचे सगळे हिशेब चुकतील.

फक्त तळटिपांत कुम्पाय दिसला तर ती टीप कोणत्या भाषेची ते आधी बघा. इलोकानोत कुम्पाय म्हणजे विळा.