गणपतीला गावी गेलो, इकडे घर फोडलं. पकडलेला माणूस पाच आठवड्यांत नाक्यावर

संगमेश्वरी (धागाकर्ता)

गेल्या गणपतीत आम्ही सगळे संगमेश्वरला होतो. गौरी आल्या त्या सकाळी चाळीतल्या वहिनींचा फोन आला, "भाऊजी, तुमचा कोयंडा तुटलाय." रात्रीच्या एसटीने मुंबई गाठली. दार नुसतं लोटलेलं, कपाट उचकटलेलं, आईची लुगडी जमिनीवर. बायकोच्या पाटल्या गेल्या, मुलीच्या फीचे चाळीस हजार गेले आणि आजीपासून चालत आलेली पुतळ्यांची माळ गेली. आई अजून रात्री दोनदा उठून कडी बघते.

पंचनामा झाला. माळेची पावती मागितली. आजीच्या माळेची पावती कुठून आणू? तीन महिन्यांनी एक जण सापडला. त्याच्या नावावर आधीचे घरफोडीचे चार गुन्हे आहेत असं ठाण्यात सांगितलं. एका सोनाराकडून माळेतल्या नऊ पुतळ्या मिळाल्या, बाकीच्या वितळल्या. त्या नऊ अजून ठाण्यात जमा आहेत. आणि पाच आठवड्यांनी तो माणूस आमच्याच नाक्यावर चहा पीत उभा होता. जामीन झाला म्हणे.

माझं मत असं. पहिल्यांदा चुकला त्याला संधी द्या. पण ज्याच्यावर घरफोडीचे आधीच गुन्हे आहेत, त्याला निकाल लागेपर्यंत जामीन नको. दोषी ठरला तर किमान शिक्षा कायद्यातच बांधून टाका.

परळची सून

पूर्ण पटलं. आमच्या मजल्यावरच्या आजींच्या घरी चोरी झाली तेव्हापासून त्यांनी गावी जाणंच सोडलं. देव गावी बसतो आणि त्या दोन वर्षं इथे कुलपाची राखण करत बसल्यात. हे नुकसान कुठल्या पंचनाम्यात लिहिलं जातं?

काळाकोट

दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण शिक्षा कमी आहे हे खरं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३३१ प्रमाणे चोरीसाठी रात्री घरफोडी केली तर चौदा वर्षांपर्यंत कैद आहे, दिवसा केली तर दहा. जुन्या दंडविधानातही ४५७ आणि ४५४ खाली हेच आकडे होते. एवढी शिक्षा असूनही चोर घाबरत नाही, कारण आपण सापडू असं त्याला वाटतच नाही.

आधी तुमचा एफआयआर काढून ३३१ लावलंय का ते बघा. नुसतं ३०५, म्हणजे राहत्या घरातली चोरी, असेल तर कमाल सात वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का हवी हे पोलिसांना लेखी मांडावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा अर्नेश कुमार निकाल तेच सांगतो. शिवाय आरोपपत्र ६० किंवा ९० दिवसांच्या मुदतीत आलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्कच होतो. तिथे न्यायाधीशाच्या दयेचा प्रश्नच येत नाही.

मी पाहिलेले घरफोडीचे खटले पडले ते याच गोष्टींवर: ठसे घेतले नव्हते, पंच कोर्टात फिरले, मालाची ओळख पटली नाही.

संगमेश्वरी

चौदा वर्षांचं मला आज कळलं, आभार. पण साहेब, खटला उभा राहायला पाच-सात वर्षं लागणार. तोवर तो माझ्या मुलीच्या क्लासच्या वाटेवर उभा असणार. हक्क त्याचा, आणि कडी तपासायची आईने?

माजी हवालदार

मी धागाकर्त्याच्या बाजूचा. एकतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच डिटेक्शनला, म्हणजे गुन्हे उलगडणाऱ्या पथकात. सराईत माणूस महिनाभर पाळत ठेवून आणायचा, आणि आम्ही दुसऱ्या गुन्ह्याचे कागद लिहीत असताना तो बाहेर. पोरांचा हुरूप जातो. तडीपारीचा प्रस्ताव पाठवला तरी तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा, आणि माणूस ठाण्या-पालघरात जाऊन तेच करतो.

पण वकीलसाहेबांचंही एक मान्य करतो. गणपतीत चाळी रिकाम्या होतात, नेमकं तेव्हाच डिटेक्शनचं पथकसुद्धा मिरवणुकीच्या आणि चौपाटीच्या बंदोबस्ताला असतं. तपास आणि बंदोबस्त वेगळे करा असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात सांगितलं. मी निवृत्त झालो तोवर आमच्या ठाण्यात ते झालेलं नव्हतं. ठसेवाला येईपर्यंत घरच्यांनी कपाट आवरून टाकलेलं असायचं. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकने जागेवर येणं बंधनकारक केलंय, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. माणसं मिळाली तर फरक पडेल.

कुर्ला पूर्व

मी पारधी समाजातली आहे, म्हणून मला हे लिहावंच लागेल. माझा मामेभाऊ एकोणीस वर्षांचा असताना मोबाइल चोरीत पकडला गेला आणि निर्दोष सुटला. तरी त्याचं नाव रेकॉर्डवर राहिलं. आसपास कुठेही कुलूप तुटलं की पहाटे आमच्या दारावर थाप पडते. कधी दोन दिवस बसवून सोडतात, कधी जुना न उलगडलेला गुन्हा त्याच्या नावावर चढतो. आज त्याच्यावर तीन खटले आहेत आणि शिक्षा एकातही नाही. तुमचा नियम आला तर तो निकालापर्यंत आर्थर रोडला सडेल, आणि त्याच्या दोन मुलांना भाकरी कोण घालणार?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आमच्यासारख्या कितीतरी जमातींवर जन्मापासून शिक्का मारला गेला. कायदा १९५२ साली गेला, पहाटेची थाप गेली नाही.

दादा, तुमच्या त्या माणसाच्या नावावर चार गुन्हे आहेत. त्यातल्या किती गुन्ह्यांत शिक्षा झाली?

माजी हवालदार

ताई, जुने गुन्हे चढवणारे अधिकारी मी पाहिलेत, नाही म्हणणार नाही. पण सगळेच तसे नसतात. चोरीचा माल ज्याच्या घरात सापडतो त्याचं काय करायचं, तेही सांगा.

कुर्ला पूर्व

खटला लवकर चालवायचा आणि शिक्षा द्यायची. त्याला माझा विरोध कधीच नव्हता.

ठाकूरद्वार

इतका वेळ सगळे चोरावर बोलताय, सोनाराचं नाव कोणी काढत नाही. पावतीशिवाय पुतळ्या घेणारा तोच, रात्रीत वितळवणारा तोच. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि नेहमीच तो धंदा करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. संगमेश्वरी, त्या सोनाराला आरोपी केलंय की साक्षीदार?

आणि त्या नऊ पुतळ्या ठाण्यात पडू देऊ नका. सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मुद्देमाल वर्षानुवर्षं अडकवू नये, फोटो आणि पंचनामा करून मालकाला द्यावा. पावती नसेल तर माळ घातलेला जुना फोटो चालतो का बघा. माझ्या मावशीच्या बांगड्या तशाच सुटल्या.

संगमेश्वरी

साक्षीदार केलंय. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नव्हतं, आता वाटतंय.

कुर्ल्याच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. चार गुन्हे म्हणजे चार चोऱ्या असंच मी धरून चाललो होतो. माझी मागणी बदलतो: आधी दोष सिद्ध झालेला असेल तरच जामीन नको. त्याच्या खाली मी येणार नाही, काळाकोट साहेबांना पटो न पटो.

आईच्या लग्नाचा फोटो ट्रंकेत सापडला. कृष्णधवल आहे, पण माळ स्वच्छ दिसते, पुतळ्या मोजता येतात. सोमवारी तो घेऊन ठाण्यात जातोय. कलम ३३१ चं, सोनाराचं आणि त्या चार गुन्ह्यांचं, तिन्ही विचारतो.

कुर्ला पूर्व

विचारा. आणि चारांतले किती सिद्ध झाले ते इथे लिहा, जे असेल ते.