मदत हवी आहे: ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये रुपी आणायचे कुठून? हिरे मोडावेत की ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' खेळून झालेल्यांसाठी हा धागा. गेम २०१७ चा आहे, आम्ही उशिरा हातात घेतलाय. मी आणि माझी पुतणी (सातवीत आहे) एकाच प्रोफाइलवर खेळतो आणि गेले काही दिवस पैशावरून आमचं एकमत होईना.

परिस्थिती अशी आहे. खिशात साधारण ४०० रुपी (गेममधला पैसा). हातेनो गावातलं पडीक घर घ्यायचंय, त्याला ३००० रुपी आणि लाकडाच्या ३० मोळ्या. लाकूड झालंय, पैसे नाहीत. तीन ग्रेट फेअरी (कपडे वाढवून, म्हणजे मजबूत करून देणाऱ्या पऱ्या) जाग्या केल्या, त्यांनी १००, ५०० आणि १००० घेतले. चौथी एकदम दहा हजार मागतीय! काकारिको गावात स्टेल्थच्या (चाहूल न लागू देणाऱ्या) पोशाखाचे तिन्ही नग १८०० ला घेतले, त्यात होतं नव्हतं ते गेलं.

झोळीत खडे मात्र आहेत. अंबर साठ-सत्तर, ओपल ३०, ल्युमिनस स्टोन १४, पुष्कराज ११, माणिक १२, नीलम ८ आणि हिरे ५. माझं म्हणणं, हिरे मोडून घर घेऊया. पुतणी म्हणते, हिऱ्याला हात लावायचा नाही, पुढं कशाला तरी लागणारच. ती ऐकायला तयार नाही आणि तिचं चूक आहे असं मला ठामपणे सांगताही येत नाही.

तिचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, जुना 'ओकारिना ऑफ टाइम' खेळलेले. ते सांगतात, गवत कापा, मडकी फोडा, रुपी पडतात. आम्ही अख्खी कुरणं कापून काढली. टोळ उडतात, सरडे पळतात, क्वचित एखादा हिरवा रुपी. मग या गेममध्ये मिळकत आहे कुठं?

आणखी एक. मी कोल्हापूरच्या गुजरीत दागिन्यांच्या कामाला बसतो. सोनं मोडीला घातलं तर एक भाव आणि घडवून विकलं तर मजुरी सुटते, हे आमचं रोजचं. या गेममध्ये कच्चा माल घडवून जास्त भावानं विकायची काही सोय आहे का? खडे सगळीकडं एकाच भावानं घेतात असं दिसतंय.

थोडक्यात विचारायचं ते: कुठले खडे विकावेत, कुठले ठेवावेत, आणि नेमानं पैसा येईल असा मार्ग कोणता? गोष्टीचा पुढचा भाग फोडू नका, ही विनंती. आगाऊ धन्यवाद.

— गुजरीकर


जुना_गडी:

भाऊ, थोरल्या बंधूंचं त्यांच्या काळापुरतं बरोबर आहे. जुन्या गेममध्ये प्रश्नच उलटा होता. पैसे ठेवायला जागा नसायची. १९८६ च्या पहिल्या झेल्डात जास्तीत जास्त २५५ रुपी मावायचे. १९९१ च्या 'अ लिंक टू द पास्ट'मध्ये ९९९. १९९८ च्या ओकारिनात सुरुवातीचं पाकीट तर फक्त ९९ चं, मग २०० चं, मग ५०० चं. पाकीट भरलेलं आणि गवतात अजून रुपी चमकतायत, असं सारखं व्हायचं. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये पाकीट भरलेलं असताना पेटी उघडली, तर लिंक (गेमचा नायक) रुपी परत पेटीत ठेवून झाकण लावायचा. 'मेजोराज मास्क'मध्ये वेळ मागं नेली की हातातले रुपी जायचे, म्हणून क्लॉक टाउनच्या बँकेत भरायचे. ती ठेव मात्र टिकायची.

ब्रेथ ऑफ द वाइल्डनं पाकिटाची ती आडकाठी काढली आणि वाटेत पडलेले पैसेही काढले. आता लिंक विकून खातो. खडे, शिजवलेलं अन्न, राक्षसांचे अवयव, किडे. त्यामुळं गवत कापणं सोडा. गवतातला टोळ घ्या, काढ्याला उपयोगी पडतो.

एक सुधारणा. दहा हजार मागणारी फेअरी कुठली एक ठरलेली नाही. जिला तुम्ही चौथ्या नंबरला जागं कराल ती दहा हजार मागते. तेव्हा तिच्यापाशी अडून बसू नका. तीन फेअरी जाग्या आहेत म्हणजे कपडे तिसऱ्या टप्प्यापर्यंत वाढवता येतात. आणि पूर्ण संच घातल्याचा खास फायदा दुसऱ्या टप्प्यालाच मिळतो. चौथीची घाई अजिबात नाही.


कळंबा_कट्टा:

भावा, मी पण कोल्हापूरचाच. खड्यांचा हिशेब मांडतो, पुतणीला दाखव.

विक्रीचे भाव: अंबर ३०, ओपल ६०, ल्युमिनस ७०, पुष्कराज १८०, माणिक २१०, नीलम २६०, हिरा ५००. कुठल्याही दुकानात, फिरत्या व्यापाऱ्याकडं, बीडलकडंसुद्धा, भाव हाच.

आता घर. ओपल २० विक, १२०० आले. माणिक ८ विक, १६८० आले. झाले २८८०, वर तुझे ४००. एकूण ३२८०. घर तुझं आणि एकही हिरा गेला नाही. बाकीचे ओपल, माणिक, पुष्कराज, नीलम राहू देत, कपडे वाढवताना निरनिराळ्या संचांना खडे लागतात. अंबर तर तीसच्या भावानं विकूच नको. हायलियन पोशाखाच्या शेवटच्या टप्प्याला तो ढिगानं लागतो.

हिऱ्याच्या बाबतीत पोरगी बरोबर आहे. झोरा जमातीचं लाइटस्केल ट्रायडंट हे हत्यार मोडलं तर ते पुन्हा करून घ्यायला झोरा भाला, पाच गारगोट्या आणि हिरा लागतो. बाकीच्या तसल्या मानाच्या हत्यारांनाही हिरा आहेच. पाच हिरे म्हणजे फार नव्हेत.

उलट वाढव. झोराज डोमेनमध्ये लेडो नावाचा एक कारागीर आहे, जमिनीची डागडुजी करत असतो. तो १० ल्युमिनस स्टोन मागतो आणि त्याबदल्यात २ हिरे देतो. ७०० चा माल देऊन १००० चा माल. तुझ्याकडं १४ आहेत, उद्याच जा. पण हे पहिल्या खेपेलाच. त्यानंतर तो दहा खड्यांना एकच हिरा देतो, म्हणजे २०० चा तोटा.

अजून एक जागा. गोरॉन सिटीत रामेल्ला नावाची गेरुडो जमातीची बाई उभी असते. ती एका वेळी एकाच जातीचे खडे दहाच्या हिशेबात घेते आणि दुकानापेक्षा जास्त देते. ती काय मागतेय ते आधी विचार, मग झोळी उघड.


कृष्णाकाठची:

दादा, तुमच्या मजुरीच्या प्रश्नाचं उत्तर स्वयंपाकात आहे. मी सांगलीची, माझ्या मुलानं आणि मी सगळा पैसा असाच उभा केला.

हायरूलमध्ये (गेममधल्या देशात) शिजवलेल्या अन्नाला कच्च्यापेक्षा भाव येतो आणि एका पातेल्यात जितके जिन्नस जास्त, तितका भाव चढत जातो. पाच जिन्नस घातले की त्यांच्या एकूण किमतीच्या जवळपास २.८ पट. रॉ प्राइम मीट एक नग १५ ला जातं, पाचांचे ७५. तेच पाच शिजवले तर २१० येतात. रॉ गोरमे मीट एक नग ३५ ला, पाचांचे १७५. शिजवून ४९०! एका शिगेचे ४९०, म्हणजे जवळजवळ एक हिराच. पातेल्याखालचा जाळ फुकट आहे.

गोरमे मीट मिळतं हेब्रा आणि टाबांथाच्या बर्फाळ पट्ट्यात. मोठ्या शिंगांचे गेंडे आणि मूस शोधा. थंडीचे कपडे किंवा तिखट खाणं जवळ ठेवा. वाऱ्याच्या उलट दिशेनं वगैरे काही बघायला लागत नाही, फक्त वाकून हळू जा. तुमचा स्टेल्थचा संच इथंच वसूल होतो.

दोन गोष्टी सांभाळा. आगीचा बाण मारू नका. प्राणी भाजून पडतो आणि भाजलेला तुकडा पातेल्यात जात नाही. बर्फाचा बाणही नको, मांस गोठून पडतं. साधे बाण, डोक्यात. आणि शिजवताना एकाच जातीचे पाच. त्यात सफरचंद, मशरूम असं स्वस्त काही मिसळलं की भाव पडतो.

चौथ्या फेअरीचे दहा हजार असेच करा. वीस शिगा म्हणजे ९८००. त्याला शंभर गोरमे मीट लागेल. एकदम करायला जाऊ नका, कंटाळा येईल. त्या बाजूला गेलात की थोडं थोडं जमवा.


रात्रपाळी_गेमर:

एवढं कशाला? वस्तू दुप्पट करायच्या युक्त्या इंटरनेटवर पडल्यात. हिरे हवे तेवढे होतील.


गुजरीकर (धागाकर्ता):

रात्रपाळी, सुचवल्याबद्दल धन्यवाद, पण ते नको. पोरगी एकेक खडा खडकातून काढते आणि वहीत लिहून ठेवते. तिचं ते काम मला मोडायचं नाही.

कळंबा भाऊ, हिशेब तिला वाचून दाखवला. तिनं पुन्हा स्वतः गुणाकार करून बघितला आणि मग माणिक विकायला परवानगी दिली. घर घेतलं. लेडोलाही गाठलं, आता हिरे सात आहेत.

सांगलीच्या ताई, तुमचा २.८ पटीचा हिशेब वाचून फार बरं वाटलं. मला नेमकं हेच हवं होतं. आम्ही आजवर सगळं मांस कच्चंच विकत होतो.

एक अडचण राहिली. डोंगर उतारावर बाँबनं खडक फोडला की खडे गडगडत खाली जातात. काल एक माणिक नदीत गेला. यावर काही उपाय?


कळंबा_कट्टा:

घर घेतलंस ते बेस केलंस. घर घेतल्यावर हडसन नावाचा गडी ॲक्काला प्रांतात जातो, तिथं जाऊन त्याला भेट. पुढचं सांगत नाही, पण ती साइड क्वेस्ट सोडू नको.

उतारावर बाँब नको, लोखंडी घण वापर. आणि खडकाच्या वरच्या बाजूनं नाही, खालच्या बाजूला उभं राहून मार. खडे पायाशी येतात, गडगडले तरी तुझ्या अंगावर अडतात. तलवारीनं फोडू नको, ती लवकर मोडते.

शिवाय हातेनोच्या प्रयोगशाळेत शीका सेन्सर (वस्तू शोधून देणारी सोय) वाढवून घेतला असशील, तर चमकणाऱ्या खडकाचा फोटो काढ आणि सेन्सरला तो शोधायला लाव. जवळ खाण आली की वाजतो. रात्री ल्युमिनसचे खडक लांबूनही दिसतात.


जुना_गडी:

स्टोन टॅलस विसरू नका. जमिनीतून उठणारा तो दगडी राक्षस. पाठीवर काळ्या खड्याचा गोळा असतो, तिथंच घण घालायचा. मेला की ओपल, माणिक, नीलम, कधी हिराही टाकतो. ब्लड मून (गेममधली लाल चंद्राची रात्र) झाला की तो परत जिवंत होतो. तुम्हाला सापडलेल्या प्रत्येक टॅलसच्या जागी नकाशावर शिक्का मारून ठेवा आणि प्रत्येक ब्लड मूननंतर फेरी मारा. नेमाचं उत्पन्न म्हणतात ते हे.

राक्षसांचे अवयव मात्र जपून. किल्टन नावाचा दुकानदार ते घेतो, पण रुपी देत नाही, त्याचं 'मॉन' नावाचं वेगळंच चलन आहे आणि त्याचे रुपी करता येत नाहीत. बोकोब्लिन राक्षसांची शिंगं कपडे वाढवायला लागतात, ती सगळी त्याच्या गळ्यात घालू नका.


कृष्णाकाठची:

मुलीला हेब्रात पोंडोज लॉजला घेऊन जा दादा. बर्फाच्या गोळ्यानं बोलिंग आहे, एका डावाला २० रुपी. पहिल्याच गोळ्यात सगळ्या पिना पडल्या तर ३०० मिळतात. गोळा नेमका कुठं ठेवायचा ती जागा एकदा सापडली की सारखा जमतो. आमच्याकडं माझ्या मुलाला जमायचं, मला कधीच नाही.


गुजरीकर (धागाकर्ता):

पोंडोज लॉजला जाऊन आलो. गोळा ती ठेवते, मी नुसता बघतो. खालून घण मारायची युक्तीही चालली, खडे पायाशीच पडले.

आता रामेल्लाकडं गेलो होतो, ती सध्या अंबर मागतीय. आमच्याकडं साठच्या वर आहेत, पण हायलियन पोशाखाला लागणार म्हणता. तिला दहा द्यावेत का, की तिची मागणी बदलायची वाट बघावी?


कळंबा_कट्टा:

दहा दे. अंबर प्रत्येक दुसऱ्या खडकात निघतो, भरून येईल. आणि दहा दिल्याशिवाय ती पुढची जात मागत नाही, असंच माझ्या वेळी झालं होतं. पुष्कराज मागायला लागली की मग मात्र पुतणीला विचारूनच दे.