१९६९ कमॅरो झेड-२८: ब्लॉक मशीन शॉपमध्ये देण्याआधी काही शंका

डेट्रॉइटकर
गाडी १९६९ची शेवरले कमॅरो झेड-२८, ओहायोतल्या नॉर्वुड कारखान्यातली. ट्रिम टॅगवर (कारखान्याने बसवलेली कोडची पट्टी) ०३बी (मार्चचा दुसरा आठवडा), एक्स३३ (झेड-२८चा कोड) आणि रंगाचा कोड ७२ (हगर ऑरेंज). इंजिनाच्या पॅडवर (ब्लॉकवरची शिक्के मारायची सपाट जागा) व्ही०३०५डीझेड (डीझेड म्हणजे झेड-२८चं इंजिन), शेजारी १९एनने सुरू होणारा नंबर, तो डॅशवरच्या व्हीआयएनशी (गाडीचा ओळख क्रमांक) जुळतो. ब्लॉकवरची ओतकामाची तारीख बी २४ ९. डिस्ट्रिब्युटरच्या पट्टीवर ११११४८० आणि ९ बी २०. इनटेक मॅनिफोल्ड ३९३२४७२, त्यावर तारीख ४-१६-६९.

शंका अशा: इनटेक मूळचाच म्हणायचा का? मशीन शॉपवाला ब्लॉक डेक करायला (हेड बसतो तो वरचा पृष्ठभाग कापून सपाट करायला) सांगतोय, करू द्यावा का? बोल्ट सगळे एकाच वेळी झिंक करून (झिंकचा मुलामा देऊन) घ्यावेत का? आणि खालची बाजू चकचकीत काळी रंगवायची का? गाडी अजून पूर्ण सुटी केलेली नाही.

ओतकाम
आधी डेकिंग थांबवा, बाकीचं नंतर. तो पॅड प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या पुढे, डेकच्याच पातळीत असतो. कटर सरसकट फिरला की डीझेड आणि व्हीआयएनचा तुकडा दोन्ही गेले, आणि ते परत येत नाहीत. पुन्हा ठोकलेला शिक्का जाणकाराला लगेच कळतो, कारण कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या (दातेरी हत्याराने सपाट तासण्याच्या) बारीक समांतर रेघा पॅडवर पुढून मागे गेलेल्या असतात. सँडपेपर किंवा फिरत्या चकतीने त्या पुसल्या, की अक्षरं खरी असूनही गाडीवर संशय येतो. पॅड फक्त सॉल्व्हंट आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करा. तिरप्या उजेडात फोटो काढा, मग तेलाचा हात लावून टेपने झाका.

डेक खरंच वाकडा आहे का, ते सरळपट्टी आणि फीलर गेजने आधी बघा. सहा इंचांत ०.००३ इंचाच्या आत असेल तर हात लावायची गरज नाही. जास्त असेल तर कटर गॅस्केटच्या कडेपाशी थांबवून, पॅड वाचवून काम करणारा माणूस शोधा आणि ही अट कामाच्या पावतीवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं शॉपमधल्या दुसऱ्या कामगारापर्यंत पोहोचत नाही.

आता तारखा. ब्लॉक २४ फेब्रुवारीला ओतला, इंजिन ५ मार्चला फ्लिंटमध्ये जोडलं (व्ही म्हणजे फ्लिंट), बॉडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली. क्रम बरोबर आहे. डिस्ट्रिब्युटर २० फेब्रुवारीचा, तोही बसतो. इनटेक मात्र १६ एप्रिलचा. गाडी तयार झाल्यावर ओतलेला भाग तिच्यावर कारखान्यात बसूच शकत नाही. नंबर बरोबर, तारीख चूक, म्हणजे कोणीतरी नंतर बदललाय. ३९३२४७२च शोधा, विंटर्सच्या हिमकणाच्या खुणेचा, तारीख जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर. त्यातही बोल्टची भोकं आणि थर्मोस्टॅटची बैठक खारलेली नाही ना, ते बघून घ्या. अ‍ॅल्युमिनियम तिथेच खातं.

फॉस्फेट
बोल्ट एकाच वेळी झिंक करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. कारखान्यात एकाच गाडीवर काळे फॉस्फेट, राखाडी फॉस्फेट, झिंक आणि कॅडमियम असे वेगवेगळ्या मुलाम्याचे बोल्ट लागायचे. बॉनेटची बिजागरं फॉस्फेट, ब्रेक बूस्टर सोनेरी कॅडमियम, मास्टर सिलिंडर नुसतं ओतीव लोखंड. काढताना प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत टाका, जागा लिहा आणि डोक्यावरची खूणही लिहा. ‘टीआर’, ‘आरबीडब्ल्यू’ अशा खुणा असलेले बोल्ट फेकू नका. दुकानातल्या नव्या बोल्टवर त्या नसतात.

फॉस्फेट घरी होतं. आधी ग्रीस पूर्ण काढा, मग १२० ग्रिटच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडने हलकं ब्लास्ट करा. यापुढे उघड्या हाताने धरायचं नाही, बोटाचा ठसा फॉस्फेटमध्ये जसाच्या तसा उठतो. स्टेनलेसच्या भांड्यात द्रावण ८८ ते ९३ अंश सेल्सिअसवर ठेवा, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही. बोल्ट तारेला लटकवून सोडा. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, म्हणून उघड्यावर करा आणि ज्वाळेऐवजी विजेची शेगडी वापरा. बुडबुडे मंदावले की, साधारण १० ते २० मिनिटांत, बाहेर काढून गरम पाण्यात विसळा आणि गरम असतानाच तेलात बुडवा. मँगनीजचं द्रावण गडद कोळशासारखं येतं, झिंकचं फिकट राखाडी. डाग पडले तर बहुतेक वेळा जुना मुलामा पुरता निघालेला नसतो किंवा द्रावण थंड झालेलं असतं.

कॅडमियमचे भाग मात्र ब्लास्ट करू नका. ती धूळ विषारी आहे. ते प्लेटिंगवाल्याकडेच द्या. प्लेटिंगला जाणारे स्प्रिंग आणि ग्रेड ८चे बोल्ट असतील तर प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत भट्टीत घालून १९० अंशांवर किमान ४ तास भाजायला सांगा. नाहीतर पोलादात शिरलेल्या हायड्रोजनमुळे बोल्ट ताणाखाली अचानक तुटतो. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनच्या बोल्टवर मी हा धोका पत्करायला सांगणार नाही, ते फॉस्फेटच ठेवा.

खालची बाजू
चकचकीत काळं अजिबात नको. खाली प्रायमर, कडेने आत आलेला बॉडी रंगाचा फवारा आणि चाकांच्या कमानीत साउंड डेडनर (आवाज दाबणारा लेप), असं मिश्रण असतं. दुसऱ्याच्या गाडीचे फोटो बघून ठरवू नका, तुमच्याच गाडीत पुरावा आहे. पेट्रोलच्या टाकीच्या वर, टाकीच्या पट्ट्यांखाली आणि ब्रॅकेटच्या मागे मूळ थर शाबूत असतो. टाकी उतरवताना वर हात घालून सावकाश चाचपा. बिल्ड शीटचा (गाडीवर काय बसवायचं याची कारखान्यातली यादी) कागद तिथे किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत सापडू शकतो. तो कोरडा आणि ठिसूळ झालेला असतो, ओढला तर तुकडे हातात येतात.

प्रेशर वॉशर वापरू नका. पन्नास वर्षांच्या ग्रीसखाली डिफरन्शियलवरचे क्रेयॉनचे आकडे आणि तपासणीचे रंगाचे ठिपके टिकून असतात. मिनरल स्पिरिट, मऊ ब्रश आणि प्लॅस्टिकची पट्टी घेऊन एकेक वीतभर जागा साफ करा. खूण दिसली की थांबा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, मग पुढे चला. सीम सीलरचेही (पत्र्यांच्या जोडांत भरलेला लेप) फोटो घ्या. कारखान्यात तो ब्रशने घाईत ओढलेला असायचा, फराटे दिसायचे. गुळगुळीत करून भरलात तर लगेच नवा कळतो.

डॅशवरची व्हीआयएन पट्टी काढू नका, रंगकामातही नुसती झाका. तिच्याशी छेडछाड अमेरिकेत संघीय कायद्याखाली येते.

डेट्रॉइटकर
मनापासून आभार. डेकिंगचं आजच फोन करून थांबवलं. रंगाचं एक राहिलं: बेस-क्लिअर (रंगाचा थर, त्यावर पारदर्शक थर) मारला तर चालेल का?

ओतकाम
मूळ रंग अ‍ॅक्रिलिक लॅकर होता. बेस-क्लिअरची खोल काचेसारखी चमक त्याला नव्हती. तुमच्या भागात लॅकर मिळत नसेल तर सिंगल-स्टेज युरेथेन (वर क्लिअर न लागणारा) घ्या आणि दाराच्या चौकटीत पॉलिश करू नका, तिथे तो मुळातच मंद होता. बॉनेट आणि डिकीवरचे पट्टे रंग वाळल्यावर वरून मारा, त्यांच्यावर क्लिअर नको. नख फिरवलं तर पट्ट्याची कड लागली पाहिजे.

आणि प्लगच्या वायरी घेताना छापलेली तिमाही बघा. मार्च १९६९च्या गाडीवर ४-क्यू-६८ (१९६८ची चौथी तिमाही) किंवा १-क्यू-६९ (१९६९ची पहिली) हवी. विकणारे बऱ्याचदा हाताला येईल ती देतात.