जुन्या गाडीचा एसी: गॅस कुठून जातोय?

प्रश्न: गाडी १९७०च्या दशकातली, एसी मूळचा आर-१२ या जुन्या थंडावा देणाऱ्या गॅसवर चालणारा. गॅस भरला की दोन महिन्यांत थंडावा संपतो. आतली हवा पंपाने काढून केलेला व्हॅक्यूम मात्र अर्धा तास टिकतो. मग गळती शोधायची कुठे?

प्रतिसाद १: व्हॅक्यूमवर विसंबू नका. त्यात दाबाचा फरक जेमतेम १ बार, तोही उलट दिशेने. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढा, हवेत सोडू नका. मग रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन ८ ते १० बार भरा आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. ऑक्सिजन चुकूनही नको, तेलाशी स्फोट होतो.

प्रतिसाद २: त्याआधी टॉर्च घेऊन तेलकट, धूळ चिकटलेले डाग बघा, गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. एसी कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबणाऱ्या पंपाच्या) क्लचच्या रेषेत बॉनेटखाली तेलाचे शिंतोडे दिसले तर त्याच्या दांड्याभोवतीचं शाफ्ट सील गेलंय. सर्व्हिस पोर्टचे (गॅस भरायच्या तोंडांचे) व्हॉल्व्हही तपासा, ते हमखास राहून जातात.

प्रतिसाद ३: इव्हॅपोरेटरची (डॅशबोर्डमागच्या, हवा थंड करणाऱ्या जाळीची) तपासणी सिस्टीममध्ये गॅस असतानाच करा. गाडी बंद ठेवून गॅस डिटेक्टरचं टोक इव्हॅपोरेटरचं पाणी बाहेर सोडणाऱ्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी धरा, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो. पाणी तेवढं डिटेक्टरमध्ये ओढलं जाऊ देऊ नका. आणि होज मूळचेच असतील तर गॅस रबरातूनच झिरपतो, बुडबुडा दिसणारच नाही. बॅरियर होज (आत गॅस अडवणारा थर असलेले) आणि एचएनबीआर (एक टिकाऊ कृत्रिम रबर) ओ-रिंग टाका. रिंग तेल लावूनच बसवा, कोरडी बसवली की पिळली जाते.