एप्रिलमध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गाडीने फिरायचंय, मार्ग ठरवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही बेळगावचे, टिळकवाडीत राहतो. मुलीची दहावी संपली की आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई असे चौघं न्यूझीलंडला जायचं म्हणतोय. आपल्याकडे एप्रिलमध्ये अंगाची लाही होते तेव्हा तिकडे पानगळ सुरू असते. मुलीला ती पिवळी झालेली झाडंच बघायची आहेत, त्यामुळे उत्तर बेट सोडूनच दिलंय. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरू, तिथून सिंगापूरमार्गे क्राइस्टचर्च. येण्याजाण्याचे दिवस वगळले तर हाताशी जेमतेम आठवडा उरतो.

आमच्या ह्यांनी नकाशावर गोल काढलाय: क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, वानाका, हास्टची खिंड, फ्रान्झ जोसेफ, आर्थर्स पास आणि परत क्राइस्टचर्च. वर मध्येच क्वीन्सटाउन आणि मिलफर्ड साउंड ही कड्यांमधली समुद्राची खाडीही. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन येतो, हे काय अवघड, असं त्यांचं म्हणणं. गाडी आम्ही दोघंही चालवतो, आणि तिकडेही डाव्या बाजूनेच चालवायची असल्याने त्याची धास्ती नाही. मला काळजी सासूबाईंची आहे. दोन तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं की त्यांचे गुडघे धरतात, आणि त्या अंडंसुद्धा खात नाहीत. त्यांना सगळा प्रवास गाडीच्या काचेतून दाखवायची माझी इच्छा नाही. त्यांनी आयुष्यभर आमच्यासाठी केलंय, ही एक सहल त्यांच्या सोयीने व्हावी असं मनापासून वाटतं.

तर विचारायचं हे, की या गोलातलं काय गाळू? लायसन्सचं काय करावं लागतं? आणि घरचं खायचं किती नेता येईल?

खानापूरकर:
ताई, पश्चिम किनारा, म्हणजे हास्ट-फ्रान्झ जोसेफची बाजू, गाळा. बाकी सगळं त्यानंतर. वानाका ते फ्रान्झ जोसेफ हा एकच टप्पा जवळजवळ अख्खा दिवस खातो. वाटेत लांबच लांब पट्ट्यात मोबाइलला रेंज नाही, पेट्रोल पंपही विरळ. आणि ज्या पिवळ्या झाडांसाठी जाताय ती त्या बाजूला नाहीतच, तिकडे सदाहरित रान आहे. पानगळ बघायची तर मध्य ओटागो, म्हणजे अ‍ॅरोटाउन, क्वीन्सटाउन, वानाका. 1862 मध्ये अ‍ॅरो नदीत सोनं सापडलं आणि अ‍ॅरोटाउन वसलं. बाहेरून आलेल्यांनी आपापल्याकडची झाडं लावली, तीच आज एप्रिलच्या मध्यापासून अखेरपर्यंत पिवळी-तांबूस होतात. गावातला मुख्य रस्ता सपाट आणि छोटा आहे, आईंना आरामात फिरता येईल. चिनी खाणकामगारांची जुनी घरंही नदीकाठी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

गोल करूच नका. क्राइस्टचर्चला उतरा आणि क्वीन्सटाउनहून विमानाने परत निघा. गाडी दुसऱ्या गावी सोडायचे जादा पैसे लागतील, पण आख्खा दिवस वाचतो. पहिली रात्र क्राइस्टचर्चमध्येच झोपा, घड्याळ साडेसहा तास पुढे गेलेलं असतं, उतरल्या उतरल्या स्टिअरिंग हातात घेऊ नका. मग टेकापो, सव्वादोनशे किलोमीटर, साधारण तीन तास. मध्ये जेराल्डिनला किंवा फेअर्लीला पाय मोकळे करा. मुक्काम ट्वायझेलला टाका. तिथून माउंट कुक गाव 65 किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत. त्यानंतर लिंडिस खिंडीतून अ‍ॅरोटाउन अडीच तासांत. ही खिंड 971 मीटरवर आहे, दोन्ही बाजूंना सोनेरी गवताच्या टेकड्या, झाड औषधालाही नाही. यांना म्हणावं तिथे गाडी थांबवायची.

आता चालवण्याचं. मोकळ्या रस्त्यावर मर्यादा ताशी 100 आहे, पण वळणं इतकी की सरासरी 65-70 धरा. आपल्या मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूला जागा बघून त्यांना पुढे सोडायचं, तिकडे तसा नियमच आहे. आणि एकपदरी पूल नीट समजून घ्या. लाल कडेच्या गोल पाटीवर आपल्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर आपण थांबायचं. निळ्या चौकोनी पाटीवर आपल्या दिशेचा मोठा पांढरा बाण असेल तर आधी आपण. तरी पुलावर समोरून कुणी चढलेलं नाही ना, हे बघूनच घाला गाडी. हॉर्न वाजवून वाट मागायची पद्धत तिथे नाही. उजेडाचंही बघा: एप्रिलच्या उत्तरार्धात क्वीन्सटाउनला साडेसातला उजाडतं आणि सहाच्या सुमारास मावळतं, अंधारात घाट नको.

लायसन्स इंग्रजीत असेल तर चालतं. तुमच्या कार्डावर काही मजकूर फक्त कन्नडमध्ये असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो वर्षभर चालतो, फी 1000 रुपये. मी म्हणेन काढाच, भाड्याची गाडी घेताना काउंटरवर वाद नको.

निपाणीची काकू:
खाण्याचं मी सांगते गं. जे काही खायचं नेशील ते न्यूझीलंडमध्ये शिरताना भरायच्या फॉर्मवर लिहायचं, चटणीची पुडीसुद्धा. लिहिलं नाही आणि सापडलं तर जागच्या जागी 400 डॉलर दंड. लिहिलं तर अधिकारी बघून ठरवतात, फार तर काढून घेतील. मध अजिबात नेऊ नकोस. कुंदा घरी खाऊन जा, दुधाचा आहे, आत नेऊ देतील याची खात्री नाही. कंपनीची बंद पाकिटं, शेंगदाण्याची चटणी, भाजलेली मेतकुटासारखी पिठं यांवर अडचण कमी येते. बुटांना शेताची माती नको, घासून धुऊन ने, तेही तपासतात.

आणि हॉटेलपेक्षा मोटेल बघ. बऱ्याच ठिकाणी खोलीतच छोटं स्वयंपाकघर असतं. क्राइस्टचर्चमध्ये भारतीय किराण्याची दुकानं आहेत, तिथून डाळ-तांदूळ, पीठ घे, पुढच्या गावांत ते मिळेलच असं नाही. सासूबाईंना रात्री वरणभात मिळाला की दिवसभराचं ऊन-वारा काही वाटत नाही. 25 एप्रिलला अ‍ॅन्झॅक दिन, म्हणजे तिथला सैनिकांच्या स्मरणाचा सुट्टीचा दिवस असतो, बहुतेक दुकानं दुपारी एकपर्यंत बंद. त्या तारखेला तिथे असशील तर आदल्या दिवशी दूध आणून ठेव.

धागाकर्ती:
काकू, खानापूरकर दादा, खूप आभार. ह्यांना वाचून दाखवलं, पश्चिम किनारा सोडायला तयार झाले. मिलफर्डवर मात्र अडून बसलेत, क्वीन्सटाउनहून सकाळी जाऊन रात्री परत येऊ म्हणतात. काय सांगू?

खानापूरकर:
जाणं चारेक तास, येणं चारेक तास, वर दोन तास बोट. आईंच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही आणि शेवटचे तास काळोखातले. मिलफर्ड करायचंच असेल तर अ‍ॅरोटाउनच्या दोन रात्री कमी करून टी आनाउला राहा. तिथून मिलफर्ड 118 किलोमीटर, थांबत थांबत तीन तास धरा. वाटेत होमरचा सव्वा किलोमीटरचा बोगदा लागतो. पाऊस लागला म्हणून हिरमुसू नका. वर्षाला सहा मीटरहून जास्त पडतो तिथे, आणि आंबोलीत सुटतात तसे कड्याकड्यावरून धबधबे सुटतात. ते बोटीच्या काचेआड बसून बघता येतात, आईंना चढउतार करावी लागत नाही. गाडी ह्यांना चालवायची नसेल तर टी आनाउहून बस मिळते.

फक्त टी आनाउच्या खोल्या आधी धरा, नंतर बाकीचं बुकिंग. ईस्टर आणि अ‍ॅन्झॅकच्या सुट्ट्यांत तिथलेच लोक बाहेर पडतात.