मदत हवी आहे: खाणीसाठी वळवलेल्या नाल्याचं डिझाइन तपासताना काय बघायचं?

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खुल्या कोळसा खाणीभोवतून नाला वळवायचा आराखडा माझ्याकडे तपासायला आलाय. मूळ नाला वळणं घेत ३.२ किमी जातो, नवा पाट सरळ २ किमीचा. उतरण दोन्हीकडे ८ मीटरच, म्हणजे उतार ४०० ला १ वरून थेट २५० ला १. सेकंदाला १०० घनमीटर पूर आणि २० मीटर रुंदी धरली, तर प्रवाहाची शक्ती दर चौरस मीटरला साधारण १२३ वॅटवरून १९६ वर जाते.

आराखड्यात पूर मावतो का एवढंच पाहिलंय. तळ आणि काठ टिकतील का, याचा हिशेबच नाही! काठ काळ्या मातीचे, उन्हाळ्यात भेगाळणारे आणि पूर ओसरला की ढासळणारे. शेजारीच ओबी डंप (कोळशावरची काढलेली माती-दगडांचा ढीग). तळ खचू लागला तर धूप मागे सरकत वरच्या शेतांपर्यंत जाईल, मला खरी काळजी त्याचीच आहे.

वळणं परत आणून लांबी वाढवायला सांगू, की तळात उतार तोडणाऱ्या दगडी पायऱ्यांवर भागेल? भेगाळ मातीच्या काठांसाठी कोणत्या चाचण्या मागू? असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.